आग्रा रोडवरची इटली : एका जुन्या फियाटची जाहिरात आणि ‘मूळ रूप’ नावाचा भ्रम

१/ घाटकोपर पूर्वेला, पंतनगरातील आमच्या इमारतीच्या आवारात १९६८ सालची एक फियाट ११०० ताडपत्रीखाली उभी आहे. इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि काही महिन्यांत आवार रिकामे करून द्यायचे आहे. गाडीच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या शेजारच्या काकू, यांनी ती विकायला काढली. भंगारात घालवण्याआधी कुणा हौशी माणसाच्या हाती पडली तर बरे, एवढीच त्यांची इच्छा. जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे काम ‘इतिहास शिकणारी’ म्हणून माझ्याकडे आले.

२/ मी लिहिले : ‘विंटेज इटालियन सलून कार. पुन्हा मूळ रूपात आणण्याजोगी. हौशी व्यक्तीसाठी उत्तम प्रकल्प.’ काकूंनी चष्मा लावून मजकूर वाचला आणि म्हणाल्या, “सलून काय गं? न्हाव्याचं दुकान वाटतंय. आणि इटालियन कुठली? आपल्या कुर्ल्याची गाडी ही. मामंजींनी नंबर लावून किती वर्षं वाट पाहिली होती तिची!”

३/ त्या एका प्रश्नाने माझी दोन वर्षांची साधनचिकित्सा उघडी पडली. वर्गात आम्ही बखरीतला एकेक शब्द तपासतो; इथे स्वतः लिहिलेल्या तीन ओळी मी तपासल्या नव्हत्या. ‘इटालियन’, ‘विंटेज’ आणि ‘मूळ रूप’ हे तिन्ही शब्द मी केवळ गिऱ्हाइकाला मोहात पाडण्यासाठी वापरले होते. आजचा धागा त्या तीन शब्दांविषयी आहे. माझे मत आधीच सांगते : जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करताना तिला कारखान्यातून निघालेल्या पहिल्या दिवसाकडे परत नेणे म्हणजे तिचा इतिहास जपणे नव्हे, बहुतेक वेळा ते तो पुसून टाकणे असते.

४/ पहिला शब्द : इटालियन. फियाट हे नाव मुळात आद्याक्षरांचे आहे. ‘फाब्रिका इतालियाना आउतोमोबिली तोरिनो’, अर्थात तुरिन येथील इटालियन मोटार कारखाना, स्थापना १८९९. या कंपनीने १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ‘नुओवा ११००’ ही नवी गाडी मांडली. इटालियन लोक तिला ‘मिलेचेंतो’, म्हणजे अकराशे, म्हणत. चार दारे, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, आणि वेगळी लोखंडी चौकट नसलेली बांधणी. गाडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५/ ती कुर्ल्याला कशी आली? त्यासाठी सोलापूरला जावे लागते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली तिथला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची जहाजे (१९१९) आणि बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना (१९४०) यांच्याशी निगडित असलेल्या या उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आरंभीचा करार अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी होता. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या गाड्या बाहेर पडू लागल्या त्या डॉज, प्लिमथ आणि फार्गो या नावांच्या.

६/ मग सरकारी धोरण वळले. गाडीचे भाग परदेशातून आणून इथे नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना थारा द्यायचा नाही, जी कंपनी टप्प्याटप्प्याने भागही इथेच बनवील तिलाच परवानगी द्यायची, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केली. शिवडीला १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स आणि तिच्यासोबत फोर्ड, दोघींनीही मुंबईतील आपले जुळणीचे काम गुंडाळले. प्रीमियर राहिली. फियाटशी तिचा करार आधीच झालेला होता. वालचंद १९५३ सालीच निवर्तले; १९५४ पासून मिलेचेंतो कुर्ल्यात तयार होऊ लागली.

७/ आता एक नकाशा डोळ्यांपुढे आणा. कुर्ल्याहून घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड असा जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘आग्रा रोड’. या रस्त्याच्या कुर्ल्याकडच्या टोकाला फियाट. भांडुपला सिएट. सिएट हेही आद्याक्षरांचेच नाव : ‘काव्ही एलेत्रिची ए अफिनी तोरिनो’, तुरिनमधील विजेच्या तारा व तत्सम वस्तूंची कंपनी. भारतीय सिएटची स्थापना १९५८ ची. फियाट आणि सिएट या दोन्ही नावांतले शेवटचे अक्षर एकाच शहराचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी ध्यानात घेतले असेल?

८/ त्याच भांडुपच्या परिसरात ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता; तिथे मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होई. म्हणजे मोटार, टायर आणि स्कूटर, तिघांचेही इटालियन कूळ एकाच रस्त्यावर नांदत होते. मी याला ‘आग्रा रोडवरची इटली’ म्हणते. पण या इटलीत पाळीचा भोंगा वाजल्यावर बाहेर पडणारी माणसे कोकणातली, घाटावरची, उत्तर प्रदेशातली आणि दक्षिणेतली होती. उपनगरांतील कितीतरी चाळी, वसाहती आणि सहकारी गृहनिर्माण संस्था असल्याच कारखान्यांच्या पगारावर उभ्या राहिल्या.

९/ १९६४ साली कुर्ल्याहून ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. आमच्या काकूंची गाडी याच पिढीतली. तिचा आराखडा इटलीच्या ‘११०० डी’चा, मात्र इटलीत त्या गाडीला १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, तर कुर्ल्याने जुने १०८९ चेच ठेवले. तेव्हा या गाडीला कुणी ‘अस्सल इटालियन मूळ रूप’ देऊ म्हणेल, तर त्याला आधी तिच्यात कधीच नसलेले इंजिन बसवावे लागेल! प्रतीलाच मूळ संहिता समजल्यावर जी फजिती होते, तीच ही.

१०/ इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ साली थांबले. कुर्ल्यात ते चालूच राहिले. पुढे फियाटशी असलेला परवाना करार संपला, तेव्हा गाडीचे नाव आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. लोकांनी मात्र तिला फियाटच म्हटले. जन्मदेशात इतिहासजमा झालेली ही गाडी आग्रा रोडवर आणखी सुमारे तीस वर्षे, २००० सालाच्या आसपासपर्यंत, बनत राहिली. तिचे आयुष्य मोजायला बसलो तर त्यातला मोठा वाटा तुरिनकडे नसून कुर्ल्याकडे आहे.

११/ यात अभिमानाने छाती फुगवण्याजोगेच सारे आहे, असे मी म्हणत नाही. स्पर्धा नव्हती, म्हणून आराखडा बदलला नाही. मागणी जास्त आणि उत्पादन मोजके, म्हणून माणसे पैसे भरून वर्षानुवर्षे थांबली. आणि कारखान्यातील संबंधही सरळ नव्हते : प्रीमियरच्या कामगारांच्या प्रोत्साहन भत्त्यावरून उभे राहिलेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कामगार तंट्यांत दिवाणी न्यायालयाचा अधिकार कुठवर, यावरचा १९७५ चा तो निकाल कामगार कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. अशी सारी गुंतागुंत या पत्र्यात आहे. ‘इटालियन’ या एका विशेषणाने ती झाकली जाते.

१२/ दुसरा शब्द : विंटेज. जुन्या मोटारींच्या जाणकारांमध्ये रूढ अर्थाने ‘विंटेज’ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची, साधारण १९१९ ते १९३० या काळातली गाडी. युद्धोत्तर काळातल्या गाड्यांना ते ‘क्लासिक’ म्हणतात. कायद्याची व्याख्या निराळी आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘विंटेज’ असा स्वतंत्र वर्ग केला. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे.

१३/ हा नियम आला, हे चांगलेच झाले. जुने वाहन म्हणजे केवळ भंगार नव्हे, हे शासनाने प्रथमच एवढे स्पष्ट मान्य केले. पण त्यात दोन अटी आहेत. पहिली : वाहन मूळ रूपात हवे, सांगाडा, बाह्यकवच किंवा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. दुसरी : ते नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतेच बाहेर काढता येईल. वरकरणी दोन्ही अटी वाजवी आहेत. आता त्या ताडपत्रीखालच्या गाडीला लावून पाहू.

१४/ काकूंकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत गाडीचे आर.सी. बुक आणि गॅरेजची बिले आहेत. त्यांवरून दिसते की ऐंशीच्या दशकात इंजिन बदलले. जागी बसले ते पद्मिनीचे. ते बसू शकले, कारण मधल्या काळात मूळ इंजिन बदललेच नव्हते. हे बदललेले इंजिन कायद्याच्या नजरेतून ‘फेरफार’ ठरू शकते. इतिहासाच्या नजरेतून मात्र तोच पुरावा आहे : बंद बाजारपेठेत एकच साचा दशकानुदशके चालत राहिल्याने १९६८ च्या गाडीला पंधरा वर्षांनंतरचा भाग सहज बसला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘परवाना राज’ म्हणून वाचलेली गोष्ट इथे बॉनेट उघडून दाखवता येते.

१५/ दुसरा पुरावा मला कुर्ल्याच्या मिस्त्रींनी दाखवला. गाडी तपासण्यासाठी काकूंनी त्यांना बोलावले होते. त्यांनी मागच्या दाराच्या आतला पुठ्ठा सोडवला आणि बॅटरीचा उजेड टाकला. पत्र्यावर, खिडकीच्या काचेखाली थोड्या अंतरावर, वाळलेल्या गाळाची एक आडवी रेघ होती. “सव्वीस जुलै,” ते एवढेच म्हणाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी ही गाडी दुरुस्तीसाठी कुर्ल्यात उभी होती.

१६/ त्या पुराचे अहवाल आहेत, छायाचित्रे आहेत, मिठी नदीवरचा अभ्यास आहे. पण अमुक गल्लीत पाणी कुठवर चढले होते, याची अशी सही किती ठिकाणी उरली असेल? इमारतींना नवा रंग लागला, जुन्या चाळी पडल्या. ती रेघ एका मोटारीच्या दारात टिकून राहिली, कारण तो पुठ्ठा कुणी उघडलाच नव्हता. जीर्णोद्धाराच्या कामात सर्वांत आधी जे होते ते म्हणजे पत्रा घासून लख्ख करणे. अर्ध्या तासात ती रेघ जाईल. काम करणाऱ्याच्या दृष्टीने ती केवळ घाण आहे.

१७/ तिसरा शब्द : मूळ रूप. कोणते मूळ? तुरिनच्या आराखड्याचे? कुर्ल्याहून १९६८ साली निघाली त्या दिवसाचे? काकू १९७६ साली लग्न होऊन हिच्यात बसून आल्या, तेव्हाचे? की पुरातून बाहेर काढून तळाला नवा पत्रा जोडला, त्यानंतरचे? आपण एखाद्या किल्ल्याबद्दल असे बोलतो का? शिवकाळातील तटबंदी ‘मूळ’ दिसावी म्हणून तिच्यावरची पेशवाईतील भर पाडून टाका, असे कुणी म्हटले तर आपणच आधी ओरडू.

१८/ हा वाद वास्तूंच्या क्षेत्रात फार पूर्वीच होऊन गेला आहे. १९६४ साली, म्हणजे कुर्ल्याहून डिलाइट निघाली त्याच साली, व्हेनिस येथे जगभरच्या जतनतज्ज्ञांनी एक सनद मांडली. तिचा आशय असा : वास्तूवर ज्या ज्या काळाने भर घातली त्या सर्वांचा मान राखावा, जिथे तर्कावर विसंबावे लागते तिथे जीर्णोद्धार थांबवावा, आणि जो भाग नव्याने घालावा लागेल तो एकूण रूपाशी सुसंगत, तरीही जुन्यापासून ओळखता येण्याजोगा असावा. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या जतनाविषयी जे बोलले जाते, त्यामागे पुष्कळदा हाच विचार असतो.

१९/ मोटारींच्या बाबतीत हे तत्त्व ज्या सनदेने स्वीकारले तिचे नाव ऐकून मला हसू आले : ‘तुरिन सनद’. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने ती २०१२ साली संमत केली आणि तिची प्रेरणा उघडपणे व्हेनिसचीच आहे. वाहनाने वाटेत जे सोसले, त्यात वेळोवेळी जे बदलले, तेही त्याच्या इतिहासाचा भाग. शक्य तोवर जतन करावे, जीर्णोद्धार जपून करावा, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, असा तिचा कल आहे. म्हणजे फियाटच्या जन्मगावाच्या नावाने ओळखली जाणारी सनदसुद्धा आमच्या कुर्ल्याच्या मिस्त्रींच्याच बाजूची!

२०/ आता दुसरी बाजू. जाहिरात पाहून एक गृहस्थ आले. त्यांचा बेत असा : गाडी पूर्ण उघडायची, चेरी लाल रंग द्यायचा, परदेशातून इटालियन बोधचिन्हे मागवायची आणि लग्नसमारंभांना भाड्याने द्यायची. मी कुरकुरले, तेव्हा त्यांनी सौम्यपणे विचारले, “पैसे मी घालणार, गाडी वाचणार, मग तुमची हरकत कशाला? की भंगारात गेलेली चालेल?” प्रश्न रास्त आहे. जतनाचा खर्च जो उचलतो त्याच्या हौसेला काही स्थान असलेच पाहिजे. रोखठोक सांगायचे, तर असल्या हौशी मंडळींमुळेच आज रस्त्यावर जुन्या गाड्या दिसतात.

२१/ आणखी एक आक्षेप मिस्त्रींचाच. वेगळी चौकट नसलेल्या या गाडीत तळाचा पत्रा कुजला, तर सांगाडाच कुजला. चार महिने पाऊस झेलणाऱ्या शहरात असा पत्रा न बदलता ठेवणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. तेव्हा ‘काहीही बदलू नका’ हे माझे म्हणणे नाही; तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जी गाडी चालवायची तिचा तळ, ब्रेक आणि विजेच्या तारा नव्या हव्यातच. गंमत अशी की गाडी सुरक्षित ठेवणारी हीच दुरुस्ती कायद्याच्या ‘मूळ रूपा’च्या अटीत अडकू शकते. या हवेतल्या एकसंध बांधणीच्या गाड्यांचा विचार नियमात अधिक स्पष्टपणे व्हायला हवा.

२२/ आणि या नियमाच्या बाहेरच राहिली ती आपली काळी-पिवळी. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर येणे संपले. विसाव्या वर्षी जिला निवृत्त व्हावेच लागते, ती पन्नाशीला ‘विंटेज’ कशी होणार? टॅक्सी म्हणून तर कधीच नाही. त्यातून न्यायालयाच्या आदेशांनंतर या टॅक्सी सीएनजीवर वळल्या, अनेकांची इंजिने बदलली. म्हणजे ‘मूळ रूप’ही गेले. ज्या रूपात या गाडीने शहराची सर्वाधिक सेवा केली, नेमके तेच रूप व्याख्येत बसत नाही.

२३/ प्रदूषण आणि प्रवाशांची सुरक्षा पाहता त्या टॅक्सी बाजूला होणे योग्यच होते. माझा विरोध त्याला नाही. माझे म्हणणे इतकेच की, जे रस्त्यावरून काढायचे त्यातले मोजके नमुने तरी वापरातल्या खुणांसकट ठेवावेत : मीटर, टपावरचे कॅरियर, सीएनजीची टाकी, स्टीअरिंगजवळचा गिअर, चालकाने लावलेला देवाचा किंवा दर्ग्याचा फोटो, आतल्या छताचे फुलाफुलांचे कापड. चकचकीत रंगवलेली टॅक्सी हे टॅक्सीचे चित्र असते. ती चालवून ज्यांनी गावी पैसे पाठवले त्यांची टॅक्सी वेगळी होती.

२४/ मग करायचे काय? तुमच्या घरी, आजोळी, सोसायटीच्या कोपऱ्यात अशी गाडी असेल, तर विकण्याआधी किंवा उघडण्याआधी तीन गोष्टी करा. एक : सर्व बाजूंनी, दारांच्या आतून आणि तळाखालूनही छायाचित्रे घ्या, चासी व इंजिनाचे क्रमांक, काचांवरचे व दिव्यांवरचे शिक्के टिपा. कोणता भाग कुठे तयार झाला, हे त्या शिक्क्यांवरून कळते. दोन : आर.सी. बुक, बिले, विम्याचे कागद, पेट्रोलच्या वह्या यांच्या प्रती करा. तीन : जुना काढलेला भाग फेकू नका, चिठ्ठी बांधून नव्या मालकाला द्या. या कशालाही फारसा पैसा लागत नाही.

२५/ चौथी गोष्ट सर्वांत निकडीची : माणसे. कुर्ल्याच्या कारखान्यात ज्यांनी काम केले ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कारखान्याच्या जागी निवासी संकुल उभे राहिले. ‘प्रीमियर रोड’ हे रस्त्याचे नाव तेवढे मागे उरले. जोडणीच्या रांगेत कोण कुठे उभा असे, रंगखात्यात काय जाचे, संप कसा पसरला, बोनस कशावर ठरे, हे फक्त त्यांना ठाऊक आहे. आपल्यातले अनेक जण प्रबंधासाठी विषय शोधत असतात. घाटकोपर, कुर्ला, भांडुपच्या इमारतींत तो विषय रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसतो. एक मोबाइल आणि दोन तास एवढेच भांडवल लागते.

२६/ त्या गृहस्थांशी मी पुन्हा बोलले. सगळे पटले असे नाही. लाल रंगावर ते ठाम आहेत, आणि गाडी त्यांची झाल्यावर तो त्यांचा अधिकार आहे. पण मागच्या एका दाराच्या आतला पत्रा न घासता तसाच ठेवण्याला आणि बोधचिन्हे कुर्ल्याचीच लावण्याला ते राजी झाले. “हे लग्नात नवरा-नवरीला दाखवायचं की काय?” असे त्यांनी हसून विचारले. दाखवा की. नवरा-नवरी याच शहरातली असतील, तर त्यांच्या घरच्यांनाही सव्वीस जुलै आठवत असेल.

२७/ जाहिरात मी फिरून लिहिली. ती अशी : ‘फियाट ११०० डिलाइट, १९६८. बांधणी कुर्ला, मुंबई. आराखडा तुरिनचा. इंजिन ऐंशीच्या दशकात बदललेले, नोंद कागदोपत्री आहे. २००५ च्या पुरानंतर तळाचा पत्रा नवा. एकाच कुटुंबाच्या वापरात ५० वर्षांहून अधिक. दुरुस्त करणाऱ्याने तिचे वय लपवू नये, ही विनंती.’ काकूंनी वाचले, ‘सलून’ शब्द गेल्याची खात्री करून घेतली, आणि म्हणाल्या, “आता कशी आपली गाडी वाटते.”

२८/ तुमच्या घरच्या फियाटचा, पद्मिनीचा, लॅम्ब्रेटाचा जुना फोटो असेल तर या धाग्याखाली जरूर जोडा. साल, ठिकाण आणि गाडी कुठून घेतली तेवढे लिहा. कारखान्यात काम केलेले कुणी नात्यात असेल, तर त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा, आणि शक्य झाल्यास आजच. (समाप्त)